मॉडिफाय होऊन आलेला कॅम्प चाकू: धारेआधी धारेमागची जाडी बघा

कारखान्यातून निघणारा कॅम्प चाकू जाडच असतो. कोणी त्याने लाकूड फोडणार, कोणी उचकटायला वापरणार, हे गृहीत धरून तो बनवलेला असतो. का-बारचा बेकर बीके-2 घ्या. पातं सव्वापाच इंच आणि पाठ पाव इंच, म्हणजे जवळपास 6.35 मिलीमीटर. लाकडाला उत्तम, पण कांद्यावर चालवला की कांदा चिरण्याऐवजी फाकतो. दाढी होईल इतकी धार जाड पात्यालाही लावता येते. चाकू कापतो कसा, हे मात्र धारेच्या लगेच मागे किती पोलाद उरलंय यावर ठरतं. म्हणून कारागिराकडून असा चाकू मॉडिफाय करून घेताना मूठ, रंग, नक्षी यांपेक्षा पातं बारीक करण्याच्या कामाला मी सगळ्यात जास्त मान देतो.

पार्सल उघडल्यावर आधी व्हर्नियर लावा. धारेचा उतार जिथे संपतो तिथली जाडी 0.5 ते 0.7 मिलीमीटर असावी. एक मिलीमीटरच्या आसपास असेल तर काम अर्धवट झालंय. 0.4 च्या खाली गेली असेल तर भाजी सुरेख चिरली जाईल, पण वाळक्या बाभळीवर धार वळेल नाहीतर तुकडा उडेल. मग पातं ट्यूबलाइटखाली धार वर करून धरा. खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही. जिथे बारीक चकाकी दिसेल तिथे ती बोथट आहे. वर्तमानपत्राचा कागद मुठीपासून टोकापर्यंत कापत न्या. अडकला तर त्या जागी बर (धार लावताना कडेवर उठणारा पोलादाचा बारीक पापुद्रा) राहिलाय किंवा खाच आहे.

पात्याचा रंगही तपासायचा. साध्या कार्बन पोलादाला पाणी दिल्यानंतर, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केल्यानंतर, साधारण 200 अंश सेल्सिअसला परत तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. बेल्ट ग्राइंडरवर घाई झाली की धारेची पातळ कड त्याच्या बरीच वर तापते. निळसर छटा दिसली म्हणजे तिथे तापमान 300 च्या आसपास गेलं आणि पाणी उतरलं. तो भाग मऊच राहणार, कितीही घासा. कधी कधी रंग दिसत नाही, तरी कडेचा अगदी थोडा भाग भाजलेला असतो. नवा चाकू लवकर बोथट होतो आणि दगडावर दोन-तीनदा लावून तो भाग झिजला की एकदम टिकू लागतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात कारागिराला दोष देऊ नका.

पाठीचा कोपरा काटकोनात आणून घेतलेला असेल तर फेरो रॉडवर (घासल्यावर ठिणग्या देणारी, आग पेटवायची धातूची कांडी) ठिणग्यांचा झोत पडतो. त्यासाठी पाठीवरचं कोटिंग काढावंच लागतं, कारण ते कोपरा गोल ठेवतं. मुठीलगतचा अंगठाभर भाग मात्र गोलच हवा, नाहीतर ढलप्या काढताना अंगठा सोलून निघतो.

असा चाकू रामटेककडच्या एखाद्या शेतावर रोडग्यांच्या बेताला न्यावा. वाळक्या सागाच्या काडीवर पातं आडवं धरून सरकवलं की कागदासारख्या पातळ, कुरळ्या ढलप्या काडीला धरून राहतात. एका आगकाडीने पेट घेईल इतक्या उठल्या की गोवऱ्यांना रॉकेल लागत नाही. मग पातं पुसून त्यानेच भरल्या वांग्यांना चिरा द्याव्यात. एकाच पात्याने दोन्ही कामं व्हावीत, यासाठीच तर हा सगळा खटाटोप, आणि ते झालं की फार समाधान वाटतं. लाकूड फोडताना ओंडका पात्यापेक्षा अरुंद निवडा, टोक चार-पाच सेंटीमीटर बाहेर ठेवा, टोला पाठीवर मारा, मुठीवर नाही. गाठ आली तर चाकू पिळू नका, दुसरं लाकूड घ्या. बांबूत सिलिका असते, तो फोडल्यावर धार लवकर बोथट होते.

घरी धार लावताना दर बाजूला 20 अंश ठेवा. पातं 40 मिलीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सुमारे 14 मिलीमीटर वर राहायला हवी. कडेला मार्करने काळं करा आणि दोन हात मारून बघा. शाई फक्त पाठीकडच्या बाजूने गेली तर कोन कमी आहे, फक्त कडेवरून गेली तर जास्त. खाच नसेल तर 600 ग्रिटचा (दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) दगड, मग 1000 चा, एवढं पुरे. पूर्ण लांबीवर बर लागेपर्यंत बाजू बदलू नका. तो अर्ध्याच भागात आला असताना उलटलं तर टोक कायम बोथट राहतं. नंतर हलक्या हाताने आळीपाळीने घासून बर उतरवा आणि शेवटी हिरवा क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या चामड्यावर धार मागे ठेवून, म्हणजे पाठ पुढे जाईल असं ओढत, दर बाजूला दहाएक हात. इथे दाबू नका. चामडं दबतं, कडेभोवती वर येतं आणि धार गोल करतं. कड बहिर्गोल करून घेतली असेल तर सपाट दगडाऐवजी जुन्या माऊस पॅडवर वॉटर पेपर ठेवून, धार मागे ठेवूनच ओढा.

आपल्या हवेचा त्रास दोन बाजूंनी होतो. मे महिन्यात लाकडी मुठीच्या फळ्या सुकून आकसतात आणि पोलादापासून सुटतात, पावसाळ्यात त्या फुगतात आणि फटीत ओल धरते. नख अडकेल इतकी फट दिसली तर वेळीच इपॉक्सी भरा. लाकडी मुठीला जवसाचं तेल उत्तम, पातळ थर देऊन पुसून घ्या. तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, मोकळं पसरून वाळवा. ते आपोआप पेट घेऊ शकतं. पात्याला मात्र जवस नको, ते चिकट होऊन बसतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन लावा. संत्रं कापल्यावर कार्बन पोलाद निळं-करडं होतं, त्याची काळजी नको. लाल ठिपका दिसला की तो गंज, त्याच दिवशी काढा. चामड्याच्या म्यानात चाकू महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं.

न्यायचा कुठे, हेही पक्कं माहीत हवं. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच चाकू येतो आणि कलम 31 नुसार परवानगीशिवाय तो अभयारण्यात नेता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही तेच लागू. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, ताडोबा, कुठेही जाणार असाल तर चाकू घरीच ठेवा. शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांचा वेगळा वर्ग आहे, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. कॅम्प चाकू त्या मापांच्या आतच मागवा. शहरात पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश निघत असतात, म्हणून शेतावर जातानाही तो कमरेला न लावता म्यानासकट बॅगेच्या तळाशी, भांड्यांसोबत बांधून न्या.