ऑईल वाढतंय

ऑईल कमी होतंय ही तक्रार आमच्या गॅरेजात रोजची. ऑईल वाढतंय म्हणून गाडी घेऊन आलेले ते काका पहिलेच. "दोन महिन्यांत थेंबभर टाकलेलं नाही मी," बॉनेट उचलता उचलताच ते म्हणाले, "आणि बघ कुठवर चढलंय."

डिपस्टिक काढली, पुसली, परत घालून काढली. वरच्या खुणेच्याही बोटभर वर. ऑईल चिमटीत धरून चोळलं तर पातळ पाणी, बोटांमध्ये तार धरेना, आणि वास सरळसरळ पेट्रोलचा. मग ऑईल भरायचं झाकण फिरवून उघडलं. आतून पिवळट पांढरी साय जमली होती, बोटाने निपटून काढावी इतकी.

दुसरीकडे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधलं पॅकिंग, गेलंय, हेड उतरवावं लागेल. साय दिसली की पहिला संशय तोच येतो, यात चूक काही नाही. गॅस्केट फाटलं की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, ऑईलमध्ये उतरतो आणि घुसळून असंच दुधाळ होतं. पण हेड उतरवणं हे शेवटचं काम, पहिलं नव्हे. कूलंटची टाकी बघितली: पातळी जागच्या जागी, वर तेलाचा तवंग नाही. प्रेशरचा पंप लावून ठेवला, काटा हलला नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं. इंजेक्टर गळतोय का, म्हणून इंजिन बंद करून पेट्रोल लाइनचं प्रेशर धरून ठेवलं, तेही उतरलं नाही. कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला तरी इंजिन गार राहतं, पण तोही ठीक होता. वेगळे दिसले ते फक्त स्पार्क प्लग. चारही काळे, वर मखमलीसारखी कोरडी काजळी.

गाडीचा प्रत्येक भाग नीट आणि ऑईल नासलेलं, अशा वेळी मी गाडी सोडून माणसाकडे वळतो. "काका, सकाळी गाडी कशी काढता?"

त्यांचा चेहरा खुलला. आयुष्यभर जड वाहनं चालवलेला माणूस. "वीस मिनिटं गरम करतो. थंडीत पंचवीस. थंड इंजिनवर गाडी हलवायची नाही, हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलंय. मग नातीला शाळेत सोडतो, दीड किलोमीटर, आणि परत."

"बाकी कुठे?"

"कुठे नाही." मग चावी खिशात टाकताना म्हणाले, "सकाळी सकाळी डोकं फार धरतं हल्ली. वय झालं आता."

मी "हो काका" म्हटलं आणि जॉब कार्डवर प्लगबद्दल लिहीत राहिलो. ते वाक्य मी तिथेच पकडायला हवं होतं. आजही ते कार्ड डोळ्यांसमोर येतं, त्यावर माझ्या अक्षरात प्लग आहेत, ऑईल आहे, डोकं नाही.

ऑईल आणि फिल्टर बदलून दिलं. कारण माझ्या लक्षात आलं होतं, पण पूर्ण गार इंजिन चालू होताना स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर, आकडे बघायचे होते. म्हणून ठरवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांच्या घरी जायचं. मी येईपर्यंत सेल्फ मारू नका असं बजावलं होतं.

मला दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला. कडाक्याची थंडी होती. घराखाली गाडीपुरती खोली, तिचं शटर गुडघ्याइतकं वर, आणि त्या फटीतून पांढरी वाफ जमिनीलगत बाहेर येत होती. आतून इंजिनचा आवाज. शाळेला उशीर होईल म्हणून काकांनी वाट बघितली नव्हती. गार वारा आत येऊ नये म्हणून शटर खाली ओढलेलं.

शटर वर ढकललं तर गरम, ओलसर, डोळ्यांत चुरचुरणारी हवा अंगावर आली. काका बॉनेटला हात टेकून उभे होते. मागच्या सीटवर नात, गणवेश घातलेली, मांडीवर दप्तर, डोकं काचेला टेकलेलं. हीटर चालू होता, गाडीत उबदार असतं म्हणून ती रोज तिथेच बसून राहायची. मी दार उघडून तिला उचललं आणि अंगणात आणलं. मग काकांचा दंड धरून बाहेर काढलं, श्वास रोखून आत जाऊन चावी फिरवली आणि शटर पूर्ण वर केलं. पोर जागी होती, पण शब्द जड येत होते. "डोकं दुखतंय, मळमळतंय," म्हणाली. काका म्हणाले, "सकाळचं असंच होतं तिलाही. शाळेत गेल्यावर बरं वाटतं."

शाळेत गेल्यावर बरं वाटतं. मोकळ्या हवेत गेल्यावर, म्हणजे.

माझ्याच गाडीतून दोघांना दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांना मी दारातच सांगितलं, बंद खोलीत गाडी चालू होती. बरं झालं सांगितलं. बोटाला लावायच्या चिमट्यावर आकडा अठ्ठ्याण्णव दिसत होता, अगदी निरोगी. कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त जोराने चिकटतो आणि तो साधा चिमटा त्याला ऑक्सिजनच समजतो. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता दोघांना मास्क लावला. साध्या हवेत हा वायू शरीरातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन मिळाला की तास-दीड तासात तेवढा उतरतो, असं त्यांनी सांगितलं. दुपारपर्यंत पोर खाऊ मागायला लागली. तेव्हा कुठे माझा जीव खाली आला.

संध्याकाळी काका गॅरेजात आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तर गाडीची काळजी घेत होतो."

घेतच होते. आणि त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं खोटं नव्हतं. पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत गार पेट्रोलची नीट वाफ होत नसे. चोक ओढून मिश्रण घट्ट करायचं आणि इंजिन जरा तापेपर्यंत थांबायचं, नाहीतर गाडी झटके देत बंद पडायची. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये टाकीत हवा भरेपर्यंत गाडी हलवायचीच नसते, आजही नाही. डिझेलला हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबावं लागतं. मी त्यांना म्हटलं, तुमचं शिक्षण खरं आहे, गाडी बदललीय.

१९८० आणि १९९० च्या दशकांत कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेत गेली. आता इंजिन किती गार आहे हे सेन्सर सांगतो आणि कॉम्प्युटर आपणहून पेट्रोल वाढवतो. हे वाढीव पेट्रोल पूर्ण जळत नाही. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑईलचा पातळ थर धुऊन काढतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं. काकांचं ऑईल वाढत होतं ते असं. आणि साय पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर त्याची वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. गार इंजिनात त्यातलं थोडं ऑईलमध्ये अडकतं. पेट्रोल आणि पाणी दोन्ही उडून जायला ऑईल चांगलं तापावं लागतं, आणि उभ्या गाडीत ते तापतच नाही. कूलंटचा काटा वर आला म्हणून ऑईलही तापलं असं नसतं, ते बरंच मागे असतं.

खोलीतल्या हवेचंही कारण हेच. अर्धवट जळलेल्या पेट्रोलमधून कार्बन मोनॉक्साईड निघतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तो मोडतो, पण त्याला त्यासाठी २५० ते ३०० अंश उष्णता लागते. म्हणजे सकाळची पहिली काही मिनिटं, इंजिन सगळ्यात जास्त विष सोडत असताना, कन्व्हर्टर झोपलेला असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. शटर गुडघाभर उघडं ठेवून तो बाहेर जात नाही. पूर्ण उघडं असलं तरी मी खोलीत गाडी चालू ठेवू देणार नाही.

हे सगळं तोंडी सांगून काकांना पटलं असतं असं मला वाटत नाही, ते हाताने काम केलेले आहेत. म्हणून दोन दिवसांनी मोकळ्या मैदानात दोन सकाळी स्कॅनर लावून बसलो. पहिल्या सकाळी नुसती चालू ठेवली: दहा मिनिटांनी कूलंट ६१ अंश. दुसऱ्या सकाळी अर्धा मिनिट थांबून निघालो, दोन हजार आरपीएमच्या वर जाऊ दिली नाही, रेस नाही, झटका नाही. पाचव्या मिनिटाला ७४. काकांनी तो आकडा चष्मा वर करून दोनदा वाचला. "म्हणजे चालल्यावर तापते," ते हळूच म्हणाले.

ऑईलचा दाब स्टार्ट केल्यावर काही सेकंदांतच तयार होतो. बेल्ट लावून आरसे बघेपर्यंत गाडी निघायला तयार असते. पहिले काही किलोमीटर मात्र हळू घ्यायला हवी, कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि बाकीचं इंजिन आपापल्या मापाला फुगेपर्यंत फटी ठरलेल्या नसतात. गार इंजिनला उभ्या उभ्या रेस देणारे बघितले की मला राहवत नाही, मी रस्त्यातही जाऊन सांगतो. काकांना एवढंच जास्तीचं सांगितलं, आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग लांब फेरी मारा. हाडं गोठवणाऱ्या थंडीच्या प्रदेशात इंजिनला रात्रभर विजेचा हीटर लावून ठेवतात, ती गोष्ट वेगळी.

महिन्याभराने ते आले. नात पुढच्या सीटवर उतरायची वाट बघत होती. काकांनी स्वतःच बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढून रुमालाने पुसली, परत घातली, काढली. ऑईल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. त्यांनी ती आधी आपल्या नाकाशी नेली, मग माझ्या.