मागचे ड्रम कोमट का?

ब्रेक दाबला की आमची पद्मिनी गाडी नाक खाली घालून थांबायची. थांबायची, पण हवी तिथे नाही, दोन हात पुढे. गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता निकाल दिला, "साहेब, मास्टर सिलिंडर गेलाय. बदलून टाकू." माणूस चांगला आहे, पण निदानाची त्याला फार घाई. पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो हा मास्टर. तो गेला असेल तर पेडल दाबून धरल्यावर ते पायाखालून हळूहळू खाली सरकतं. आमचं पेडल जिथे थांबायचं तिथेच राहायचं. म्हणजे दोष दुसरीकडे कुठेतरी होता.

पाचगणीहून पसरणी घाट उतरल्यावर वाईच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. (हात नुसता जवळ न्यायचा. ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला, लावला तर फोड येईल.) पुढच्या दोन्ही ड्रममधून धग येत होती, लायनर (ब्रेकमधली ड्रमला घासणारी पट्टी) जळाल्याचा वासही होता. मागचे दोन्ही कोमट. उतारावर वजन पुढे येतं, पुढचे ब्रेक जास्त राबतात, हे धरूनसुद्धा एवढा फरक असायचं कारण नाही. मग एका मोकळ्या खडीच्या मैदानात गाडी हळू चालवून करकचून ब्रेक मारला आणि उतरून खुणा पाहिल्या. पुढच्या चाकांचे लांब ओरखडे होते. मागची चाकं फिरतच आली होती.

इथून पुढे प्रश्न दोनच. मागच्या चाकांपर्यंत ब्रेक ऑइलचा दाब पोचतो का? आणि पोचला तर शू, म्हणजे लायनर बसवलेला कमानीसारखा भाग, ड्रमला आतून धरतो का? या दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत एकही पार्ट विकत घ्यायचा नाही असं ठरवलं.

पुढच्या चाकांना दगडांची उटी लावली, गाडी न्यूट्रलला ठेवून मागून उचलली आणि अ‍ॅक्सलखाली स्टँड दिले. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाशी बसू नये, हे सांगायला नकोच. मुलीला पेडलवर बसवलं आणि मी चाक हाताने फिरवत राहिलो. "दाब," म्हटल्यावर चाक लगेच धरायला हवं. ते फिरतच राहिलं. "धरून ठेव" म्हटलं, तर तीन-चार सेकंदांनी जड होत होत थांबलं. ही खूण फार मोलाची निघाली. दाब पोचत होता, पण उशिरा. अचानक ब्रेक मारताना एवढा वेळ कोण देतो?

मागच्या चाकाचं निप्पल (ब्रेक ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) अर्धा फेरा सैल करून पुन्हा पेडल दाबायला लावलं. चिळकांडी उडायला हवी होती, थेंब थेंब गळलं. दोन्ही चाकांना तेच. मग पुढून येणारा लोखंडी पाइप जिथे रबरी होसला मिळतो तो जोड सैल केला. तिथे ऑइल जोरात आलं. चोर त्या वीतभर होसमध्येच होता. या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलला एकच होस जाते, त्यामुळे ती तुंबली की दोन्ही चाकं एकदम मंदावतात. बाहेरून होस अगदी धड दिसत होती, भेग नाही की फुगवटा नाही. काढून मधोमध कापली, तेव्हा आतलं रबर सुजून भोक सुईएवढं उरलेलं दिसलं. ब्रेकच्या भागांना खनिज तेल लागलं की रबर असं सुजतं. आपल्याकडे सिलिंडर पेट्रोलने किंवा रॉकेलने धुवायची पद्धत सर्रास आहे आणि ती मुळापासून चुकीची आहे. धुवायचंच तर ब्रेक ऑइलनेच धुवावं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दुसऱ्यासाठी ड्रम काढणं आलं. जुना ड्रम झिजून कडेला ओठ धरतो आणि शू त्यात अडकतात, म्हणून आधी अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर कमीजास्त करतात ते) पूर्ण मागे घेतले. मग गंज सोडवणारं तेल मारून, लाकडाचा तुकडा मध्ये धरून गोल गोल ठोकत ड्रम सोडवला. आतली काळी पूड फुंकून उडवली नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून साबणाच्या पाण्याने ओली करून पुसून घेतली.

उजवीकडचा एक शू झिजलेला होता आणि दुसरा जवळजवळ कोरा. म्हणजे ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा एक पिस्टन गंजून बसला होता. डावीकडचे लायनर ओलेचिंब. ओल ब्रेक ऑइलची की गिअर ऑइलची हे ठरवणं महत्त्वाचं, कारण दोन्हींचे इलाज वेगळे. एका वाटीत पाणी घेऊन त्यात चिंधी पिळली. ब्रेक ऑइल असतं तर पाण्यात विरघळलं असतं. इथे वर तवंग आला, वासही गंधकासारखा उग्र. गिअर ऑइल! अ‍ॅक्सलचं सील गेलं होतं. त्यामागचं कारण वर सापडलं. डिफरन्शियलचा (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीचा) ब्रीदर, म्हणजे हवा जायची वाट, चिखलाने बंद झाला होता. आतली हवा तापून फुगली की वाट काढणार कुठून? सीलमधूनच, आणि सोबत तेल घेऊन.

अ‍ॅक्सल बाहेर काढून बेअरिंग प्रेसवर उतरवणं हे घरचं काम नव्हे, तेवढं गॅरेजकडे दिलं. सील, व्हील सिलिंडर आणि होस पुण्याला नाना पेठेत फिरून जमवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, पण टॅक्सीवाल्यांमुळे वर्षानुवर्षं चाललेला हा बाजार अजून पुरता आटलेला नाही. तेल प्यायलेले लायनर भाजून, घासून परत लावतात तसे लावले नाहीत. दोन्ही बाजूंचे शू नव्याने लायनर चढवून घेतले. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ओढणारच. ड्रमला लेथवर हलका कट मारून घेतला.

ब्रेक ऑइल सगळंच बदललं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरं असताना निदान २०५ अंश असतो, ओल शिरल्यावर १४० पर्यंत खाली येतो. पिस्टन गंजतो तोही याच ओलीने. एअर, म्हणजे पाइपात अडकलेली हवा, काढायला मास्टरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. "दाब, धर, मी सांगेपर्यंत सोडू नको," हे ऐकून मुलगी शेवटी वैतागली.

अ‍ॅडजस्टर करताना लायनर ड्रमला किंचित घासेपर्यंत आणले आणि तिथून चाक मोकळं फिरेल एवढे मागे घेतले. मागचे ब्रेक फार घट्ट करण्याचा मोह नको. मागची चाकं आधी लॉक झाली तर ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी फिरते. खडीवर पुन्हा पाहिलं तेव्हा चारही चाकांचे ओरखडे दिसले, पुढचे जरा लांब. गाडी अजून थोडी उजवीकडे ओढते. पुढच्या डाव्या लायनरवर तापून चमक आली आहे, म्हणून ते चाक कमी धरतं. पुढचा रविवार त्यालाच जाणार.