अकरा पंप, दोन ब्रॅकेट : आमची वाटचाल

वडिलांनी साकीनाक्याला पंपांचा कारखाना काढला तेव्हा आमचा गाळा सहाशे चौरस फुटांचा होता आणि आजही तेवढाच आहे. गिऱ्हाईक मागेल तसा सेंट्रिफ्युगल पंप बनवून द्यायचा ही त्यांची रीत होती. त्यामुळे हळूहळू आमची अकरा मॉडेल्स झाली आणि प्रत्येकाचा शाफ्ट (फिरणारा दांडा), त्याला धरणारे ब्रॅकेट व गळती रोखणारे सील निराळे राहिले. साठ्यासाठी आणखी जागा घेणे मुंबईत परवडणारे नव्हते, म्हणून सुटे भाग पोटमाळ्यावर चढत गेले.

तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यातून शाफ्ट तुटल्याचा फोन आला, तो दिवस मला पक्का आठवतो. रॅकवर ग्रीस लावून कागदात गुंडाळलेले नऊ शाफ्ट होते. आमच्या फिटरकाकांनी एकेक सोडून व्हर्निअरने मापला आणि म्हणाले, "शेठ, नऊ आहेत, पण त्यांचा एकही नाही." त्यातल्या त्यात जवळचा शाफ्ट सीलच्या जागी दोन मिलिमीटरने बारीक निघाला. दोन मॉडेल्समध्ये हा फरक मुळात का ठेवला होता, याचे उत्तर कोणत्याही ड्रॉइंगमध्ये नव्हते.

त्यानंतर आम्ही सगळी ड्रॉइंग्ज एकत्र मांडली. केसिंग (पंपाचे बाहेरचे कवच) आणि इम्पेलर (आत फिरून द्रव ढकलणारे चक्र) हे प्रवाह व दाबाप्रमाणे बदलावेच लागतात, मात्र इम्पेलर फिरवणारा शाफ्ट, बेअरिंग आणि ब्रॅकेट प्रत्येक वेळी बदलण्याचे कारण नसते. ही काही आमची अक्कल नव्हे. १९७५ च्या आयएसओ २८५८ या मानकाने अशा पंपांची मापे ठरवून दिली आहेत आणि एकाच ब्रॅकेटवर अनेक केसिंग बसवण्याची पद्धत या धंद्यात जुनी आहे. इम्पेलरही थोडेच पुरतात, कारण व्यास लेथवर दहा टक्क्यांनी उतरवला की हेड (पंप द्रव किती उंच चढवतो ते) साधारण ८१ टक्क्यांवर आणि लागणारी शक्ती ७३ टक्क्यांच्या आसपास येते. फार कापला तर मात्र कार्यक्षमता ढासळते, म्हणून तिथे दुसरा इम्पेलर घ्यावाच लागतो.

उत्साहाच्या भरात मी अकराही पंपांना ३२ मिलिमीटरचा एकच शाफ्ट दिला. शाफ्टची पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे २४ ऐवजी ३२ घेतला की ती सुमारे २.४ पट होते. लहान पंपाला या ताकदीचा काडीचा उपयोग नव्हता, पण तिच्यासोबत येणाऱ्या ६३०७ क्रमांकाच्या बेअरिंगचे, मोठ्या सीलचे आणि जड ब्रॅकेटचे पैसे त्याच्या किमतीत चढले. लहान पंपांच्या ऑर्डर हातच्या गेल्या, तेव्हा कुठे आम्ही दोन घराणी केली: सहा लहान पंपांना २४ मिलिमीटरचा शाफ्ट आणि ६३०५ बेअरिंग, उरलेल्या पाचांना ३२ मिलिमीटरचा शाफ्ट आणि ६३०७. दोन्ही बेअरिंग मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात सहज मिळतात, हाही त्या निवडीमागचा एक विचार होता.

समान भागाचा एक धोका आम्ही अनुभवाने ओळखला. ग्राइंडिंगच्या एका लॉटमध्ये शाफ्टवरची बेअरिंगची बैठक (बेअरिंग बसते ती जागा) किंचित सैल उतरली आणि पूर्वी एखाद्या मॉडेलपुरती राहिली असती ती तक्रार एकदम चार मॉडेल्सच्या पंपांवर आली. सगळे शाफ्ट आम्ही स्वखर्चाने बदलून दिले. तेव्हापासून नमुन्यादाखल तपासणी बंद झाली असून प्रत्येक शाफ्टची बैठक मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय तो रॅकवर जात नाही.

फायदा सर्वांत आधी ओतकामात दिसला. एकेका ब्रॅकेटचे पाच-सहा नग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला फाउंड्री रांगेत शेवटी उभे करते, हे आम्ही कोल्हापुरात वर्षानुवर्षे सोसले होते. आता एकाच पॅटर्नवर (साचा करायच्या नमुन्यावर) पन्नास नग सांगतो, त्यामुळे भट्टीची तारीख वेळेवर मिळते. पोटमाळा निम्मा रिकामा झाला आहे. मात्र जुन्या गिऱ्हाइकांकडे ते अकरा पंप अजून चालू असल्याने त्यांचे नऊ जुने शाफ्ट फिटरकाका भंगारात घालू देत नाहीत, आणि तळोज्याच्या मापाचा दहावा त्यांनी स्वतः करून त्यात ठेवला आहे.