आजोबांचा संघ नसलेली पोरं : पश्चिम सिडनीतले शनिवार-रविवार

पॅरामॅटा स्टेशनाबाहेर मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या शनिवारी दुपारी नुसतं उभं राहावं. निळ्या-पिवळ्या जर्सीतली अख्खी कुटुंबं ईल्सच्या सामन्याला निघालेली असतात. लाल-काळ्या पट्ट्यांची पोरं दिसली तर ती वाँडरर्सची. आणि मधूनच नारिंगी टोपी घातलेला एखादा बाप दोन मुलांना हाताला धरून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीकडे पळताना दिसतो, तो जायंट्सवाला. तिघंही निघालेत फुटबॉल बघायला, कारण इथं तिन्ही खेळांना फुटबॉलच म्हणतात : ईल्स रग्बी लीगचे, वाँडरर्स आपल्या ओळखीच्या फुटबॉलचे, जायंट्स ऑस्ट्रेलियन रूल्सचे. पण तिघांचा चेंडू वेगळा, मैदान वेगळं, नियम वेगळे. आणि एकाला दुसऱ्याच्या खेळाचं फारसं कौतुक नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे खेळ एकच, भांडण पेठांचं. शिवाजी पेठेत जन्माला आलात की संघ ठरला, शाहू स्टेडियमवर कुठल्या बाजूला बसायचं तेही ठरलं. त्यामुळे एकाच उपनगरात खेळच वाटले गेलेत हे बघायला मला मोठी गंमत वाटत होती. ताई आणि दाजी ब्लॅकटाऊनच्या पुढं राहतात, भाचा नऊ वर्षांचा, भाची सातची. ऑपेरा हाऊस एका दुपारी उरकून घेतलं. (चांगलं आहे. फोटोत दिसतं तसंच आहे.) बाकीचा मुक्काम पश्चिमेलाच.

पश्चिम सिडनी म्हणजे पंचवीस लाखांहून जास्त माणसांचा पसारा. पॅरामॅटा, ब्लॅकटाऊन, लिव्हरपूल, कॅम्पबेलटाऊन, आणि पार ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशी पेनरिथ. इथं लेबनीज आहेत, व्हिएतनामी आहेत, सामोअन आहेत, आणि आपल्या लोकांची तर हॅरिस पार्कला रांगच लागलेली. विग्रम स्ट्रीटवर डोसा, चाट, मिठाई सगळं मिळतं. मुलं भरपूर, घरं नवी, आणि कुटुंबात आधीपासून चालत आलेला संघ बहुतेकांकडे नाही. खेळ चालवणाऱ्या संस्थांच्या तोंडाला पाणी सुटतं ते इथंच.

थोडा इतिहास सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ऑस्ट्रेलियन रूल्स, म्हणजे लंबगोल मैदानावर अठरा-अठरा जणांनी खेळायचा तो प्रकार, मेलबर्नचा. त्याचे नियम 1859 मध्ये लिहिले गेले. सिडनीनं रग्बी धरली, आणि 1908 मध्ये त्यातून फुटून रग्बी लीगची स्पर्धा इथं सुरू झाली. फूट पैशांवरून पडली होती : गिरणी-गोदीतल्या खेळाडूला बुडालेल्या रोजाची भरपाई द्यायची की नाही, हा वाद इंग्लंडमध्ये 1895 मध्येच पेटला होता. कामगार लीगकडे गेले, जुनी पंधरा जणांची रग्बी खासगी शाळांकडे आणि बंदराजवळच्या श्रीमंत वस्त्यांकडे राहिली. पश्चिमेत तिचं नाव फार कुणी काढत नाही, मीही काढत नाही. देशाच्या नकाशावर एक तिरकी रेघ कल्पून इकडे लीग, तिकडे रूल्स अशी वाटणी इयन टर्नर नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापकानं 1978 मध्ये गमतीनं मांडली. मेलबर्नचे थोर खेळाडू रॉन बरासी यांच्या नावानं तिला बरासी लाइन म्हणतात. सिडनी या रेघेच्या पक्की लीगच्या बाजूला.

राहिला आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो. तो इथं दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या इटालियन, क्रोएशियन, ग्रीक लोकांनी सांभाळला. बॉसली पार्कमधला मार्कोनी क्लब इटालियनांचा. पुढं इटलीकडून खेळलेला क्रिस्तियान व्हिएरी लहानपणी तिथं खेळलेला आहे, आणि इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबकडून चॅम्पियन्स लीग जिंकलेला हॅरी क्यूएल शेजारच्या स्मिथफील्डचा पोरगा. बराच काळ बाकीचे लोक या खेळाला परक्यांचा खेळ म्हणून नाक मुरडत. आता शनिवारी सकाळी कुठल्याही मैदानावर जा, सगळ्यात जास्त पोरं हाच खेळत असतात.

भाचाही त्यातलाच. सकाळी आठला दवानं भिजलेल्या मैदानावर छोटे छोटे चौकोन आखलेले, प्रत्येकात एक गोंधळ चाललेला. बाजूला पालकांच्या घडीच्या खुर्च्या, हातात कॉफी. माझ्या शेजारी एक नेपाळी बाप, पलीकडे एक सामोअन आजी, ती तर नातवाचं नाव घेऊन असं ओरडायची की पंचच दचकायचा. दाजींना विचारलं, हाच खेळ का निवडला? मला वाटलं काहीतरी तत्त्व सांगतील. म्हणाले, "अरे, मैदान घरापासून सहा मिनिटांवर आहे आणि गाडी लावायला जागा मिळते."

हे उत्तर मी नंतर बऱ्याच जणांकडून ऐकलं, थोड्या फरकानं. मैत्रीण जाते म्हणून, शाळेत कुणी येऊन चेंडू वाटले म्हणून, लीगमध्ये डोक्याला मार बसतो अशी आईला धास्ती वाटते म्हणून. त्या धास्तीपायीच लीगवाल्यांनी आता अगदी चिमुरड्यांच्या सामन्यांतून टॅकल काढून टाकलंय. कमरेच्या पट्ट्याची फीत ओढली की पकडला असं समजायचं. मोठ्यांच्या लीगमध्ये मात्र पकड ती पकडच. मराठी माणसाला हा खेळ पाच मिनिटांत कळतो : कबड्डीत पकड झाली की चढाई संपते, इथं सहा वेळा पकडून घेण्याची मुभा, तेवढ्यात रेषेपलीकडे चेंडू टेकवायचा. तेरा-तेरा जण, आणि टेकवला की चार गुण.

संध्याकाळी पॅरामॅटाच्या स्टेडियमात ईल्सचा सामना बघितला. 2019 मध्ये उघडलेलं, तीस हजारांचं स्टेडियम, जागा इतक्या उभ्या चढत जातात की खालच्या खेळाडूचा धापा टाकणारा श्वास ऐकू येईल असं वाटतं. ईल्सनं शेवटचं विजेतेपद मिळवलं 1986 मध्ये. माझ्या मागच्या रांगेत तीन पिढ्या बसल्या होत्या. आजोबांनी ते विजेतेपद बघितलेलं, मुलानं नाही, नातवानं तर नाहीच; तरी नातू घसा फोडून ओरडत होता. 2022 मध्ये ईल्स अंतिम फेरीत गेले आणि हरले, तेही शेजारच्या पेनरिथकडूनच, 28-12. आजोबांनी मला हे आकडे न विचारता सांगितले.

पेनरिथला मी गाडीनं गेलो, पश्चिम मार्गाच्या दुमजली गाडीत वरच्या मजल्यावर बसून. पँथर्सनी 2021 ते 2024 सलग चार वेळा स्पर्धा जिंकली. त्या संघातले कितीतरी जण याच भागातल्या पोरांच्या क्लबांतून वर आलेले. ब्रायन टोओ आणि जरोम लुआई हे माउंट ड्रूइटच्या बाजूचे. माउंट ड्रूइट म्हटलं की सिडनीतली पांढरपेशी माणसं भुवया उंचावतात, पण तिथल्या पोराला टीव्हीवर आपल्या गल्लीतला माणूस दिसतो. एवढी जाहिरात कोणत्या संस्थेला विकत मिळणार? सध्या पेनरिथचं जुनं मैदान पाडून नवं बांधायला काढलंय, त्यामुळे पँथर्स 'घरचे' सामने पॅरामॅटाला, म्हणजे वैऱ्याच्या अंगणात खेळतात. कोल्हापुरात असं झालं असतं तर बंदोबस्त लागला असता.

पेनरिथमध्ये एक गोष्ट मात्र मला खटकली. पँथर्सचा लीग्ज क्लब म्हणजे प्रचंड कारभार : उपाहारगृहं, हॉटेल, आणि ओळीनं मांडलेली जुगाराची यंत्रं. इकडे त्यांना पोकीज म्हणतात. न्यू साउथ वेल्समध्ये क्लबांना ती 1956 पासून कायद्यानं ठेवता येतात. त्याच कमाईतून पोरांच्या संघांना जर्सी, चेंडू, दिवे मिळतात. भर दुपारी एक म्हातारी बाई एकटक त्या पडद्याकडे बघत बटण दाबत होती. तिच्या पेन्शनीतून कुणाच्या तरी नातवाचे बूट येत असतील. लीगचं पोरांवरचं प्रेम खरं आहे, पण त्याचा हिशोब कोण भरतंय तेही बघायला हवं.

आता जायंट्स. मेलबर्नवाल्यांनी 2012 मध्ये बरासी लाइन ओलांडून थेट पश्चिम सिडनीत संघ उभा केला. पहिले प्रशिक्षक केव्हिन शीडी, रूल्समधलं बडं नाव. आणि पोरांना ओढायला त्यांनी लीगमधला तारा इझ्राएल फोलाऊ प्रचंड पैसे मोजून आणला. मूळचा मिंटोचा, म्हणजे इथलाच. आयुष्यात कधी हा खेळ न खेळलेला माणूस! एका हंगामात तेरा सामने खेळला, दोन गोल केले, आणि पुढच्या वर्षी पंधराच्या रग्बीत निघून गेला. त्याच 2012 साली वाँडरर्सही जन्माला आले, काही महिन्यांच्या घाईत. पहिल्याच हंगामात साखळीत अव्वल, आणि 2014 मध्ये रियाधमध्ये अल हिलालला रोखून आशियाचे विजेते. गोलपोस्टमागं ढोल-घोषणांचा गजर करणारी त्यांची रेड अँड ब्लॅक ब्लॉक नावाची फळी कुणी पैसे देऊन बसवलेली नव्हती. मार्कोनीसारख्या मैदानांवर वाढलेल्या पोरांना एवढी वर्षं आपला म्हणावा असा मोठा संघच मिळाला नव्हता. एकाला माणसं आधी होती, दुसऱ्याला पैसा आधी होता.

तरी जायंट्सचा सामना मला सगळ्यात जास्त आवडला, हे कबूल करतो. ऑलिम्पिक पार्कला उतरायचं. हे ठिकाण नावातल्या 'ग्रेटर वेस्टर्न सिडनी'च्या पार पूर्वेच्या टोकाला आहे, हा विनोद ईल्सवाले हमखास करतात. मैदान लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोहोंतून लाथेनं चेंडू गेला की सहा गुण, बाजूनं गेला तर एक. चेंडू फेकायचा नाही, मुठीनं मारून द्यायचा. गर्दी बेताची, म्हणून जागा ऐसपैस. मध्यंतरात चिमुरड्यांच्या टोळ्या त्याच मैदानावर छोटे सामने खेळतात, आणि शेवटी खेळ संपल्यावर प्रेक्षकांना मैदानात उतरू दिलं. भाची, जिला घरातून निघताना ओढत आणलं होतं, ती मोठ्या खेळाडूंच्या गवतावर चेंडूला लाथा मारत अर्धा तास हलेना. "मामा, अजून एकदा!" ताई म्हणाली, "हे बरोबर जाळं टाकतात बघ." टाकतात खरंच. 2019 मध्ये जायंट्स अंतिम फेरीत पोचले आणि 89 गुणांनी सपाटून हरले, तरी हे काम चालूच आहे. आपल्या लोकांच्या बाबतीत त्यांना एक सोय आहे : हिवाळ्यात रूल्स ज्या मैदानावर चालतं, तिथंच उन्हाळ्यात क्रिकेट असतं. दाजींना ते मैदान आधीच पाठ आहे.

भाची मात्र मुळात ऑस्ट्रेलियाची फुटबॉलपटू सॅम कर बनणार होती. 2023 च्या महिला विश्वचषकात उपांत्य सामना याच ऑलिम्पिक पार्कच्या मोठ्या स्टेडियमवर झाला, पंचाहत्तर हजारांच्या गर्दीत ऑस्ट्रेलिया इंग्लंडकडून हरली. तेव्हापासून वर्गातल्या पोरींना तोच खेळ हवाय. आता ती शनिवारी एक आणि रविवारी दुसरा खेळायचं म्हणते. दाजी फी मोजतायत. माझ्या मते या सगळ्या संस्थांचा एक समज चुकीचा आहे : पोरगं एकदा आपल्याकडे आलं की कायमचं आपलं. या गल्लीतली पोरं तिन्ही जर्सी घालतात, आणि खरे कट्टर होतील ती त्यांची पोरं, आजोबांनी काय बघितलं ते ऐकून.

जाणार असाल तर मार्चच्या शेवटापासून एप्रिलपर्यंतचा काळ धरा, तेव्हा तिन्ही हंगाम एकमेकांवर चढलेले असतात. पॅरामॅटाला राहा, तिथून सगळं जवळ पडतं. मोठ्या सामन्यांची तिकिटं आधी काढा. शनिवारी सकाळच्या पोरांच्या सामन्यांना तिकीट नसतं, कुठल्याही मैदानाच्या कडेला जाऊन उभं राहा. पालकांच्या तव्यावर सॉसेज भाजत असतात. शाकाहारी असाल तर ब्रेडमध्ये नुसता परतलेला कांदा मागा, देतात.