बार्शी लाईट, १:८७ : रूळ झाले, वॅगनी उभ्या राहिल्या, आता इंजिन

मंडळी, मागच्या नोंदीत नुसता आराखडा होता. आता बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेच्या मॉडेलचा एक तुकडा टेबलावर आहे आणि त्यावरून वॅगन हाताने सोडली की ती न डुलता पार दुसऱ्या टोकाला जाते.

आधी रुळांबद्दल, कारण या लाईनचं सगळं गणित रुळांपासूनच सुरू होतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश इंजिनिअरची अडीच फुटी (दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, अडीच फूट) लाईन १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आपलं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. त्याचा नियम एकच होता. इंजिन असो, मालाची वॅगन असो की प्रवासी डबा, एका अॅक्सलवर (चाकांच्या एका जोडीच्या आसावर) ५ टनांपेक्षा जास्त भार नाही. त्यामुळे दर यार्ड (तीन फूट) लांबीला ३० पौंड वजनाचा हलका रूळही पुरतो आणि लाईन स्वस्तात पडते. त्या काळच्या बऱ्याच छोट्या लाईनींवर एकटं इंजिन जड आणि वॅगनी हलक्या असत. रूळ घालायचे इंजिनाच्या मापाने आणि वॅगनींनी ती ताकद वाया घालवायची. कॅलथ्रॉपने हे उलटं केलं, म्हणून मला तो माणूस इतका आवडतो.

मॉडेलसाठी प्रमाण निवडताना १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग, लगेच जमलं. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागिले ८७ म्हणजे ८.७६ मिलिमीटर, आणि एन गेज या बाजारात मिळणाऱ्या मॉडेल रुळांचं गेज ९ मिलिमीटर. एवढा फरक डोळ्याला कळत नाही. पण एन गेजचा तयार ट्रॅक मी घेतला नाही. त्यातला नेहमीचा कोड ५५ रूळ (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) १.४ मिलिमीटर उंच असतो. प्रत्यक्षात तो जवळपास पावणेपाच इंची होईल, म्हणजे थेट मोठ्या लाईनचा रूळ. शिवाय त्याचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) फार आखूड आणि फार जवळजवळ. कोड ४० घेतला की उंची १ मिलिमीटरवर येते आणि रूळ एकदम खरा, बारीक दिसायला लागतो. तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाच्या) पट्ट्या कापून स्लीपर केले, रूळ त्यावर सोल्डर केले आणि प्रत्येक पट्टीवरचा तांब्याचा थर मध्ये खरवडून तोडला, नाहीतर इंजिनासाठी रुळांतून वीज सोडली की दोन्ही रूळ शॉर्ट होतात. जुन्या पद्धतीच्या खोल फ्लँजची (चाकाच्या आतल्या कडेची) चाकं या रुळावर सोल्डरच्या थेंबांना घासतात. हे करणार असाल तर चाकं आधी घ्या, रूळ नंतर जोडा. खडीसाठी काळ्या दगडाची कच बारीक चाळणीतून काढली आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलने बसवली. सोलापूरकडच्या लाईनीला तो रंग हवाच.

वॅगनींत मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला. कॅलथ्रॉपने मालवॅगनींसाठी एकाच मापाची, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची अंडरफ्रेम (वॅगनीखालचा सांगाडा) ठेवली होती : २५ फूट लांब, ७ फूट रुंद. लांबी गेजच्या बरोबर दसपट! १:८७ मध्ये ती ८७.६ मिलिमीटर येते, रुंदी साडेचोवीस. एवढ्या अरुंद रुळांवर पावणेतीनपटीहून रुंद गाडी बघताना कलंडेलशी वाटते, पण कलंडत नाही, कारण फ्रेम खाली बसते आणि दोन बोगी (वॅगनीखालचे चार चाकांचे फिरते गाडे) भार सारखा वाटून घेतात. मॉडेलमध्येही तेच करायचं ठरवलं. एक बोगी फक्त पुढे-मागे झुकते, दुसरी आडवीही डोलते, म्हणजे वॅगन तीन बिंदूंवर उभी राहते आणि वाकड्या सांध्यावरही सगळी चाकं रूळ धरून ठेवतात. शिशाचे तुकडे मजल्याखाली बरोबर मध्यावर चिकटवले आणि सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर दोन्ही बोगींखालचा भार मोजून घेतला. अंडरफ्रेम एकच असल्यामुळे एक साचा नीट जमला की उघडी वॅगन, बंद वॅगन, सगळं त्याच्यावरच उभं राहतं.

इंजिन अजून कागदावर आहे. इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेलं ०-८-४ टँक इंजिन करतोय, म्हणजे पुढे एकही आधाराचं चाक नाही, मग ओढणारी आठ, मागे आधाराची चार, आणि पाण्याची टाकी इंजिनावरच. त्याचे सहा अॅक्सल, प्रत्येकी ५ टन, म्हणजे वजन फार तर ३० टन आणि त्यातला दोन-तृतीयांश भार ओढणाऱ्या चाकांवर. इंजिन दणकट हवं, पण रुळावर बोजा नको, म्हणून चाकंच वाढवली. लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा रूळ टाकून ही गाडी आधी इंग्लंडमध्येच चालवून दाखवली होती. कॅलथ्रॉपने पुढे हीच विचारसरणी स्टॅफर्डशरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड लाईनवर नेली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि तिच्या एका इंजिनाला त्याचंच नाव होतं. तीही अडीच फुटीच होती.

माझी खरी अडचण वळणाची आहे. चार जोडलेले अॅक्सल ताठ ठेवले तर माझ्या टेबलाच्या वळणावर इंजिन अडकेल. म्हणून मधल्या दोन अॅक्सलना आडवी ढील देणार आणि मागच्या बोगीवर हलकी स्प्रिंग ठेवणार, म्हणजे ती भार उचलेल पण ओढणाऱ्या चाकांना अधांतरी करणार नाही. मोटर बॉयलरच्या पोकळीत आडवी बसते. साइड टँकमध्ये (बाजूच्या पाण्याच्या टाक्यांमध्ये) वजनासाठी शिसं भरायला जागाही चांगली आहे.

पंढरपूरपर्यंत लाईन १९०६ मध्ये पोचली, लातूरला १९११ मध्ये, मिरजेला १९२७ मध्ये. मी सध्या कुर्डुवाडी-बार्शी एवढ्यावरच थांबलोय, पण पुढचा तुकडा आषाढीच्या गर्दीतल्या पंढरपूर स्टेशनचा करायचा हे पक्कं आहे. कुणाकडे गेज बदलण्याआधीचे तिथल्या फलाटाचे किंवा पाण्याच्या टाकीचे फोटो असतील तर टाकीच्या पायांचे जवळून घेतलेले जरूर दाखवा. इंजिनाची चेसिस (चाकांसकट खालचा सांगाडा) वळणावर फिरली की पुढची नोंद टाकतो.