पायलटचा प्रश्न

"थांबायचं किती वेळ?"

पणजीत पायलटला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला, चोडण बेटाचं भाडं विचारलं, तर त्याने उलट हेच विचारलं. पिवळा मडगार्ड, पिवळी नंबरप्लेट, मीटर नाही. अंतराचं त्याला फारसं कौतुक नव्हतं.

आणि बरोबरच आहे. रायबंदरला फेरीबोट, पलीकडे चोडणला उतरलं की सलीम अली पक्षी अभयारण्य जवळच. पण तिथल्या खारफुटीत होडी शिरते ती भरतीला. ओहोटीत पोचलात तर पायवाटेवरून बघा, नाहीतर पाणी चढेपर्यंत बसा. तोवर पायलटचा धंदा बंद. म्हणून जाणं, येणं आणि थांबणं, तिन्हींचे पैसे निघण्याआधीच ठरवावेत. भरतीची वेळ पाहून निघालात तर थांबण्याचे बरेच वाचतात.

बाकी, चढायचं-उतरायचं डावीकडूनच. सायलेन्सर बहुधा उजवीकडे असतो, पोटरी भाजते. पाठीवरची सॅक पुढे, दोघांच्या मध्ये. दुसरं हेल्मेट आहे का, तेही आधीच विचारा. फेरीच्या उतारावर मात्र उतरून चालत जा. ओल्या शेवाळावर डबलसीट गाडी घसरायला वेळ लागत नाही.

आपण सगळीकडे किलोमीटर मोजून भाडं देतो. ओहोटीचे दोन तास त्या हिशोबात कुठे धरायचे?