आकडा भरला, औषध कुठाय?

औषध कंपनीच्या संशोधन विभागातली चिडचिड पगाराची किंवा नोकरकपातीची असेल, असं बाहेरून वाटतं. तीही असतेच. पण आतली खदखद वेगळी आहे. 'यंदा इतके कँडिडेट (औषध होऊ शकतील म्हणून निवडलेले मॉलिक्यूल) क्लिनिकमध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांत, गेलेच पाहिजेत' असं वरून ठरतं, बोनस त्या आकड्याला बांधला जातो आणि वर्षअखेर जवळ आली की काठावरचा मॉलिक्यूलही पुढे रेटला जातो.

पुढे काय होतं? समजा, सेफ्टी मार्जिन जेमतेम दुप्पट आहे. म्हणजे प्राण्यांमध्ये अपाय न दिसलेल्या सर्वांत मोठ्या डोसला औषधाची रक्तात जी पातळी मिळाली, ती माणसाला लागणाऱ्या पातळीच्या फक्त दुप्पट. मग फेज टूमध्ये, म्हणजे औषध रुग्णांवर काम करतं का हे पाहणाऱ्या टप्प्यात, डोस वाढवायला वावच राहत नाही. ट्रायल कमी डोसवर उरकते, फरक दिसत नाही आणि टार्गेटच (शरीरातला ज्या रेणूवर औषधाने काम करायचं तो) चुकीचं होतं की डोस कमी पडला, हे कोणालाच सांगता येत नाही. फायझरच्या शास्त्रज्ञांनी स्वतःच्याच कंपनीचे 44 फेज टू प्रकल्प तपासून 2012 मध्ये हे छापलं: 43 टक्के प्रकल्पांत मूळ कल्पनेची नीट परीक्षा झाली की नाही, हेच ठरवता आलं नाही.

तपासायच्या गोष्टी तीनच. औषध हव्या त्या ऊतीत पोचलं का, टार्गेटला चिकटलं का, आणि त्यामुळे पुढे काही बदललं का. मेंदूच्या औषधात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पेट स्कॅन देऊ शकतो, पण त्यासाठी योग्य ट्रेसर, म्हणजे टार्गेटला चिकटून स्कॅनमध्ये दिसणारा किरणोत्सर्गी पदार्थ, हवा. नसेल तर तो आधी शोधावा लागतो, आणि बजेटची कात्री नेमकी तिथेच चालते.

दुसरं दुखणं सगळ्यांनी एकाच वाटेने जाण्याचं. एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, वाढवणारं टॉरसेट्रॅपिब हे औषध 2006 मध्ये मृत्यू वाढल्यामुळे थांबलं. त्याने रक्तदाब वाढत होता, म्हणून दोष त्या मॉलिक्यूलचाच मानून पुढे जाणं अगदीच अवाजवी नव्हतं. पण त्याच टार्गेटवरचं डॅलसेट्रॅपिब 2012 मध्ये आणि इव्हासेट्रॅपिबही 2015 मध्ये फायदा दिसत नाही म्हणून थांबलं.

अ‍ॅस्ट्राझेनेका या औषध कंपनीने आकड्याचा हट्ट सोडून टार्गेट, ऊती, सुरक्षितता, रुग्ण आणि बाजार असे पाच प्रश्न लावले. कँडिडेट ठरल्यापासून फेज थ्री (मोठ्या चाचण्यांचा टप्पा) पूर्ण होईपर्यंतचं यश 4 टक्क्यांवरून 19 टक्क्यांवर गेलं.

टीमच्या हातात एक गोष्ट नक्की असते: थांबण्याचा निकष डेटा उघडण्याआधी, आकड्यासह, मीटिंगच्या मिनिट्समध्ये नोंदवून घेणं. 'अमुक डोसला टार्गेट 70 टक्के व्यापलं नाही तर प्रकल्प बंद', इतकं स्पष्ट. आणि प्रकल्प वेळेत बंद करणाऱ्या टीमचा बोनस कापला जाणार नाही, हेही त्याच कागदावर.